अक्षर न लागणारी मुले

बहुतेक प्रत्येक शाळेत एखादे तरी असे मूल आढळते की, जे घरी गुरे सांभाळते, बाजारचा हिशेब तोंडी बिनचूक करते, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगते. परंतु पुस्तक पुढ्यात ठेवले म्हणजे त्याची वाचाच बसते. शेजारचे मूल धडा संपविते, तोवर ह्याचे पहिले वाक्यही पुरे होत नाही. गुरुजी त्यास आळशी म्हणतात, बाप मठ्ठ म्हणतो, सोबती हसतात. दोन-तीन वर्षांत ते मूलही तेच खरे मानू लागते व शाळेची वाट सोडते. अशा मुलाची अडचण कोणती व त्यास साह्य कसे करावे, ह्याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

ही अडचण नवी नव्हे. इंग्लंडात ससेक्स परगण्यातील सीफर्ड गावी प्रिंगल मॉर्गन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १८९६ साली एका वैद्यकीय पत्रात पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. मुलगा चलाख, खेळात तरबेज, दृष्टी चांगली. सातव्या वर्षापासून त्यास शिकविण्याची शिकस्त झाली होती. तरी अगदी लहान शब्दांपलीकडे त्यास वाचता येईना. स्वतःचे नावदेखील तो एकदा अक्षरे उलटसुलट करून लिहून गेला, आणि चूक त्याच्या ध्यानात आली नाही. परंतु ७४९ ला ८६७ ने गुणावयास सांगितले, तेव्हा त्याने झटकन व बरोबर गुणून दाखविले. सारे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. मॉर्गन ह्यांनी ह्या स्थितीस जन्मजात शब्दांधत्व म्हटले. आज तीस डिस्लेक्सिया म्हणतात.

दोष पाहिलेले शब्द मेंदूत साठविण्यात आहे, असे मॉर्गन ह्यांस वाटले. पुढील संशोधनाने बहुतेक मुलांविषयी निराळीच गोष्ट दाखविली. बोललेला शब्द कोणकोणत्या ध्वनींचा बनला आहे, हे वेगळे करून ओळखणे ह्या मुलांस जड जाते. 'कमळ' हा शब्द ती बोलतात, त्याचा अर्थ जाणतात. पण त्यातील पहिला 'क' काढला तर काय उरते, असे विचारले की गोंधळतात. ध्वनीच हातून निसटत असेल तर अक्षर चिकटवावे तरी कशास? ह्याच कारणाने उशिरा बोलू लागलेल्या मुलांपैकी काहींस पुढे वाचनही जड जाते. शिवाय ही अडचण पुष्कळदा एकाच कुळात उतरते. तेव्हा ज्या बापास स्वतःस शाळेत अक्षर लागले नव्हते, त्याने तरी मुलावर हात उगारू नये.

आपली लिपी पुष्कळ अंशी बोलल्याप्रमाणे लिहिली जाते, हे आपले सुदैव होय. तरी तिच्यातही खाचखळगे आहेत. 'कि' लिहिताना वेलांटी हातास आधी येते, कानास मात्र मागून ऐकू येते. 'घ' व 'ध', 'भ' व 'म', 'प' व 'ष' ह्यांत फरक थोडका. 'ख' सैल लिहिला की 'रव' होतो. एकटा 'र' तर 'प्र', 'ट्र' आणि 'र्क' अशी किती सोंगे घेतो! पहिलीदुसरीतील मुलाने येथे चुकावे, ३ चा ६ करावा, ह्यात भिण्याजोगे काही नाही. परंतु पुरेसे शिकवूनही तिसऱ्या इयत्तेत तीच स्थिती राहिली, तर नीट तपास झाला पाहिजे.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. 'पाणी'स 'पानी' आणि 'शाळा'स 'शाला' म्हणणारे मूल बहुधा आपल्या घरची बोली बोलत असते. तो वाणीचा दोष नव्हे, आणि त्याबद्दल मुलास चारचौघांत लाजविणे हा शुद्ध अन्याय होय. घरी भिली किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलास तर पुस्तकातील मराठी ही नवी भाषाच असते. त्यास अवधी द्यावा.

मूल बोलतच नाही, किंवा हाक मारल्यास वळत नाही, तर सर्वांत आधी त्याचे कान तपासून घ्यावेत. कान वाहत असेल तर तेल घालीत बसू नये. वेखंड उगाळून चाटविल्याने बहिरेपणाही जात नाही व वाचाही फुटत नाही, आणि दरम्यान मोलाची वर्षे निघून जातात. वाचनात मागे पडलेल्या मुलाचे डोळेही पाहून घ्यावेत. अडखळत बोलणाऱ्या मुलाचा शब्द आपण पुरा करू नये; त्याचे बोलणे संपेपर्यंत थांबावे.

आता शिकविण्याविषयी. अमेरिकेत डॉक्टर सॅम्युएल ऑर्टन व शिक्षिका ॲना गिलिंगहॅम ह्यांनी १९२५ नंतरच्या काळात अशा मुलांसाठी एक पद्धत बसविली. तीत मूल अक्षर पाहते, त्याचा ध्वनी मोठ्याने उच्चारते आणि त्याच वेळी ते हाताने गिरविते. आपल्याकडील जुन्या धूळपाटीची कोणास आठवण होईल. धूळ आजही फुकट मिळते! मात्र नुसते गिरविणे पुरेसे नाही. ध्वनी आणि अक्षर ह्यांची गाठ पडली पाहिजे. प्रथम टाळी वाजवून शब्दाचे तुकडे पाडावेत: 'क-म-ळ', 'भा-क-र'. मग दोन-तीनच अक्षरे घ्यावीत, त्यांचेच शब्द करावेत, आणि ती पक्की झाल्यावाचून पुढे जाऊ नये. जोडाक्षरे फार मागून घ्यावीत. रोज पंधरा मिनिटे पुरेत, पण रोज. चुकलेला शब्द पन्नास वेळा लिहावयास लावणे व्यर्थ. मूल चूकच पन्नास वेळा गिरविते.

वर्गात किंवा मंडळीत पाळीपाळीने मोठ्याने वाचण्याची रीत आहे. अशा मुलावर ती पाळी अचानक आणू नये. त्याचे वाक्य आदल्या दिवशीच त्यास नेमून द्यावे, म्हणजे ते घरी तयारी करून येईल. धड्यावरील उत्तरे तोंडी घ्यावीत. त्यास किती समजले आहे हे पाहून गुरुजींसच नवल वाटेल.

सरकारी साह्यही आहे, पण ते मागावे लागते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात जी २१ अपंगत्वे गणली आहेत, त्यांत वाणी व भाषेचे दोष आणि शिकण्यातील विशिष्ट अक्षमता ही दोन्ही येतात. प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळ व लेखनिक अशा सवलती मागता येतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत व सरकारी शाळेत डॉक्टरांचे पथक मुलांस तपासावयास येते. त्या दिवशी मूल रानात पाठवू नये. पथकाने सांगितल्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जावे. जाताना मुलाच्या वह्या बरोबर न्याव्यात, आणि ते कोणत्या वयात बोलू लागले, कान कधी वाहिला व घरात आणखी कोणास वाचन जड गेले, हे कागदावर लिहून न्यावे. आईबापांस लिहिता येत नसल्यास शिक्षकाने लिहून द्यावे.