हरलेल्या सामन्यातल्या टाळ्या



परवा मधल्या सुट्टीत आमच्या पाचवीच्या 'अ' आणि 'ब' तुकडीचा क्रिकेटचा सामना झाला. 'अ'चा एक मुलगा काय सुंदर खेळला! पण शेवटी तो आउट झाला आणि त्यांचा संघ ३ धावांनी हरला. 'ब'ची पोरं चिडवायला लागली, "तुझ्यामुळंच हरले!" त्याच्याच तुकडीतलेही दोघं त्यात सामील झाले. त्या दिवशी त्यानं खिचडी खाल्लीच नाही.

रागवावंसं वाटलं, पण रागावले नाही. पुढच्या तासाला फळ्यावर तारीख लिहिली : ३१ जानेवारी १९९९.

त्या दिवशी चेन्नईच्या चेपॉक मैदानावर भारत-पाकिस्तान कसोटी सामना रंगला होता. भारताला जिंकायला हव्या होत्या २७१ धावा आणि ८२ धावांतच ५ गडी बाद झाले होते. सचिन तेंडुलकरची पाठ दुखत होती, तरी तो नयन मोंगियाला साथीला घेऊन लढला. त्याने १३६ धावा केल्या. तो बाद झाला तेव्हा धावसंख्या होती २५४.

इथं थांबून मुलांना विचारलं, "आता किती धावा हव्यात?" सगळ्यांनी वजाबाकी केली. १७! आणि हातात ३ गडी. मुलं म्हणाली, "बाई, मग जिंकलेच असतील!" नाही. पुढच्या ४ धावांत तिन्ही गडी गेले. भारत १२ धावांनी हरला.

वर्ग एकदम शांत. मग विचारलं, "प्रेक्षकांनी काय केलं असेल?" उत्तरं आली : ओरडले असतील, बाटल्या फेकल्या असतील.

खरं तर चेपॉकचे प्रेक्षक उभे राहिले आणि त्यांनी पाकिस्तानच्या संघासाठी टाळ्या वाजवल्या. वसीम अक्रमच्या संघाने मैदानाला फेरी मारून त्या स्वीकारल्या. आपला संघ हरल्याचं दुःख त्या प्रेक्षकांना नव्हतं का? होतंच की. पण दुःख आणि दाद एकाच मनात राहू शकतात.

नंतर एक छोटा उपक्रम घेतला. प्रत्येकाने समोरच्या तुकडीतल्या एका खेळाडूची एक चांगली गोष्ट वहीत लिहायची. 'ब'च्या कितीतरी वह्यांत त्याच मुलाचं नाव होतं. ते वाचून दाखवलं तेव्हा तो खाली मान घालून हसत होता.

चिडवाचिडवी बंद करू नका. तिच्याशिवाय क्रिकेटला मजा नाही! फक्त एक नियम ठेवा : थट्टा खेळाची करायची, माणसाची नाही.

पालकहो, टीव्हीसमोर आपण बाद झालेल्या खेळाडूला जे बोलतो, तेच मुलं मैदानावर एकमेकांना बोलतात. पुढच्या सामन्यात समोरच्या संघाने सुंदर चौकार मारला, तर मुलांसमोर एक टाळी वाजवून बघा.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात, तर अनुभव जरूर कळवा.