सबॅटिकलचा अर्ज लिहितेस ना, मग ऐक

हे बघ, आधी एकच गोष्ट सांगते, बाकीचं मागाहून. सबॅटिकल मागायचं ते थकले म्हणून नाही. थकली आहेस हे खरंच. प्रवेश, परीक्षा, नॅकच्या फायली, वर निवडणुकीची ड्युटी, कोण थकणार नाही? पण अर्जात थकव्याला जागा नसते, कामाला असते. आणि काम तुझ्याकडे आहे. पेशवाई-शिंदेशाहीतल्या आपल्या बऱ्हाणपुरावर लिहायचं म्हणून तू कधीपासून नुसती बोलते आहेस!

नियम वाचलास का? नाहीच वाचला असशील. आपण बायका पगारपत्रक बारकाईने बघतो आणि रजेच्या नियमांच्या वाटेला जात नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत ते सरळ लिहिलं आहे. कायम, पूर्णवेळ शिक्षक हवा. असोसिएट प्रोफेसर किंवा प्रोफेसर म्हणून सात वर्षं झालेली हवीत. एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष, सगळ्या नोकरीत मिळून दोन. पगार आणि भत्ते पूर्ण. वेतनवाढ ठरल्या तारखेला मिळते, आणि रजेनंतर परत रुजू झालीस की तो काळ पेन्शनलाही धरला जातो. याआधी अध्ययन रजा घेतली असेल तर त्यावरून परतल्यावर पाच वर्षं जावी लागतात. तू ती कधी घेतलीच नाहीस, तेव्हा तो अडसर नाही.

ही सात वर्षांची अट मला मुळीच पटत नाही. आपल्याकडे पदोन्नत्या कशा रखडतात ते तुला सांगायला नको. असोसिएट व्हायलाच चाळिशी उलटते, वर सात वर्षं. म्हणजे ऐन उमेदीतल्या पोरींना सबॅटिकल नाहीच. त्यांच्यासाठी तीन वर्षांच्या नोकरीनंतरची अध्ययन रजा आहे, आणि तिला बॉन्ड लिहून द्यावा लागतो. विभागातल्या त्या नव्या मुलीला हे सांगून ठेव. आणि अतिथी विद्वान म्हणून वर्षानुवर्षं शिकवणाऱ्यांना यातलं काहीच नाही.

पण यूजीसीचा कागद दाखवला आणि रजा मिळाली, असं होत नाही. आधी आस्थापना शाखेतल्या बडे बाबूंकडे जा आणि विचार, आपल्याला नेमके कुठले रजा नियम लागू आहेत? सरकारी कॉलेज असेल तर राज्याचे रजा नियम आणि भोपाळची मंजुरी. खासगी संस्था असेल तर शासी निकायाचा ठराव. उत्तर तोंडी घेऊ नकोस, नियमाची प्रत माग. सेवापुस्तिका एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघ. असोसिएट झाल्याची तारीख तिथे चढलेली नसेल तर तुझी सात वर्षं कुणी मोजणार नाही. अर्ज हिंदीत लिही, प्राचार्यांमार्फत पाठव, आणि आवक क्रमांक टाकलेली प्रत घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस.

अर्जाबरोबर वर्षभराच्या कामाचा आराखडा द्यावा लागतो, आणि खरी मेख तिथेच आहे. 'बऱ्हाणपूरचा इतिहास : एक अध्ययन' असलं काही लिहू नकोस, हात जोडते. मुमताज महल १६३१ मध्ये इथे गेली, यावर सगळं जग लिहितं. संभाजी महाराजांच्या १६८१ च्या स्वारीवर आपली मराठी माणसं लिहितात. कुंडी भंडारा ही इथली जुनी पाणीव्यवस्था २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली, तेव्हा आता त्यावरही लिहितील. पण १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर निजामाकडून हे शहर पेशव्यांकडे आलं, पुढे शिंद्यांकडे गेलं, त्या काळातल्या इथल्या पेठा, विणकर, जकात? ट्रॅव्हर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जातं असं सतराव्या शतकात लिहून ठेवलं. शंभर वर्षांनी मराठ्यांच्या अमलात त्या कापडाचं काय झालं? हा प्रश्न घे. तो एका वर्षात मावतो, आणि तुला मराठी येतं म्हणून तो तुझा आहे.

मग महिने वाटून दाखव. पुण्याच्या पेशवे दप्तरात अमुक महिने, भारत इतिहास संशोधक मंडळात अमुक, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अमुक, आणि शेवटचे चार महिने फक्त लिखाण. मोडी लिपी अर्ज करण्याआधीच शिकायला लाग. दप्तराचे रुमाल सोडून बसल्यावर अक्षर लागत नाही म्हणून रडण्यात पगारी वर्ष घालवायचं नाही. शेवटी हातात काय असेल तेही लिही : दोन लेख, एका पुस्तकाचा कच्चा खर्डा. जास्त कबूल करू नकोस, कारण परतल्यावर काय केलं याचा अहवाल द्यायचा असतो.

आणखी एक. या काळात दुसरीकडे नियमित नोकरी करता येत नाही. फेलोशिप घेता येते, सिमल्याच्या उच्च अध्ययन संस्थेसारखी, पण तेव्हा पगार कमी करायचा अधिकार मंजुरी देणाऱ्यांना आहे. तसं काही ठरत असेल तर अर्जातच सांग.

प्राचार्य 'नाही' म्हणतील ते वैरापोटी नव्हे. त्यांचा प्रश्न एवढाच, की तुझे तास कोण घेणार? अतिथी विद्वान रिक्त पदावर बोलावतात, आणि तू रजेवर गेलीस म्हणून पद रिक्त होत नाही. तेव्हा केबिनमध्ये जाण्याआधी विभागात बोलून घे. कोण कुठला पेपर घेईल याचा कागदच पुढे ठेव. बदल्यात पुढच्या वर्षी तू काय उचलशील तेही कबूल कर, आणि ते पाळ. रजा हक्क म्हणून मागता येत नाही हे वाक्य तुला ऐकवतीलच. खरं आहे ते. म्हणूनच नकार देणं जड जाईल असा अर्ज करायचा. नकार आलाच तर लेखी माग, कारणासकट. पुढच्या वर्षी त्याच कारणाचं उत्तर घेऊन जाता येतं.

आता घरचं. हे बाहेर कुणाला सांगत नाही, तुला सांगते. मंजुरीचा कागद घरात आला की सगळ्यांना पहिल्यांदा सुचेल ते हे की आता तू घरीच आहेस. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, नणंदेच्या मुलीचं लग्न, धाकट्याची बारावी, सगळं त्या वर्षात आणून बसवतील. माणसं वाईट नसतात गं, पण घरात बसलेली बाई रिकामी दिसते. बारावीसाठी हवी तर बालसंगोपन रजा वेगळी आहे, मूल अठराच्या आत असेपर्यंत. ती तेवढ्यासाठी घे, पण सबॅटिकलच्या पोटात घालू नकोस. नवऱ्याशी आधी बोल, मंजुरीनंतर नाही. आणि पहिले दोन महिने बऱ्हाणपुरात राहूच नकोस. भुसावळमार्गे पुणं एका रात्रीचं आहे. तिथे खोली घे. सुरुवात घरातून केलीस तर दिवाळीपर्यंत डबेच भरत बसशील.

सहा महिन्यांचीच मागू का, म्हणून विचारत होतीस. नको. पूर्ण वर्षाची माग. सहा महिने तर कागद शोधण्यातच जातात.

नवं सत्र जुलैत सुरू होतं. वेळापत्रक लागलं की कुणी ऐकून घेत नाही. तेव्हा मार्चच्या आत अर्ज आत गेला पाहिजे. आराखड्याचा मसुदा या रविवारी घेऊन ये, मी लाल पेन काढून ठेवते.