घरातले मद्य, बालक आणि आपली आसवारिष्टे

चिकित्सालयात पालकांकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा झाला. उद्या तो मित्रांसमवेत चोरून पिणारच, तर त्यापेक्षा घरी, आमच्या देखत, सणासमारंभाला अर्धा पेला घेतला तर काय बिघडले? या प्रश्नाला बहुधा एक पुरवणीही जोडलेली असते : "डॉक्टर, तुमच्या आसवांतही मद्य असतेच की! ती तर तुम्ही लहान मुलांनाही देता." पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही शास्त्राचा चिकित्सक देऊ शकेल. दुसऱ्याचे उत्तर मात्र आपल्यालाच द्यावे लागते, आणि ते नीट दिले नाही तर पहिल्या उत्तरालाही वजन राहत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात दोहोंचा विचार एकत्र केला आहे.

आपल्या संहिता मद्याच्या सरसकट विरोधात नाहीत, हे आधी मान्य केले पाहिजे. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात विधी, मात्रा, काल, हितकर अन्न आणि पिणाऱ्याचे बल यांचा विचार करून घेतलेल्या मद्यास अमृताची उपमा दिली आहे. काही सुशिक्षित पालक हे कोठेतरी वाचून येतात आणि 'घरी, देखरेखीखाली' म्हणजेच विधियुक्त, असा सोयीचा अर्थ लावतात. परंतु यांपैकी बलाची अट बालकाच्या ठिकाणी मुळातच पुरी होत नाही. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात सोळा वर्षांपर्यंतचे वय अपरिपक्व धातूंचे, सुकुमार, क्लेश सहन न करणारे व असंपूर्ण बलाचे सांगितले आहे. त्यापुढे तीस वर्षांपर्यंत धातूंचे गुण वाढत असतात आणि सत्त्व बहुधा अनवस्थित असते. विवेक व संयम ज्यावर अवलंबून आहेत तो मेंदूचा अग्रभाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो, असे आजचे मज्जाविज्ञान सांगते. दोन्ही विधाने एकच आहेत असे म्हणण्याचा मोह आवरावा. तथापि दोहोंचा रोख एकाच दिशेस आहे.

मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या नेमके विरुद्ध आहेत. ओज गुरु, शीत, मृदु, स्थिर, स्निग्ध. मद्य लघु, उष्ण, तीक्ष्ण, आशुकारी, रूक्ष. प्रौढाच्या ठिकाणी हा विरोध घडलेल्या ओजाशी असतो, बालकाच्या ठिकाणी तो घडत असलेल्या ओजाशी असतो. हा फरक पालकांना समजावून सांगता येतो, आणि माझा अनुभव असा की तो त्यांना पटतोही.

पालकांच्या युक्तिवादाला आपल्या परिभाषेत नाव द्यायचे तर ते ओकसात्म्य होय. थोडे थोडे दिल्याने शरीराला व मनाला सवय होईल आणि पुढे अतिरेक टळेल, ही त्यामागील कल्पना. परंतु सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायातील पादांशिक क्रम अहिताचा त्याग आणि हिताचा स्वीकार यांसाठी सांगितला आहे. येथे पालक तोच क्रम उलटा चालवतात आणि अहिताची पादांशाने सवय लावतात. सात्म्य झालेले अहित बाधत नाहीसे वाटते, म्हणून ते हितकर ठरत नाही.

या कल्पनेची आधुनिक पद्धतीनेही परीक्षा झाली आहे. ऑस्ट्रेलियातील तीन राज्यांत १,९२७ मुलांचा, सुमारे तेरा वर्षांच्या वयापासून, सहा वर्षे पाठपुरावा करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पालकांकडून मद्य मिळणाऱ्या मुलांत ते न मिळणाऱ्यांच्या तुलनेत एका बैठकीत अतिरेकी पिण्याचे आणि त्यातून होणाऱ्या अपायांचे प्रमाण अधिक आढळले. घरच्या पेल्याने मुलाचे रक्षण झाल्याचे काही दिसले नाही. शिवाय, घरी मिळणाऱ्या मुलाने पुढे बाहेरूनही मिळवण्याचा संभव वाढला. अशा निरीक्षणात्मक अभ्यासावरून कार्यकारणभाव निर्विवाद ठरत नाही हे खरे. परंतु 'घरी दिल्याने मुलगा सुरक्षित राहतो' असा दावा करणाऱ्याने पुरावा द्यावयाचा आहे, आणि तो या अभ्यासात तरी मिळत नाही.

परदेशस्थ नातेवाइकांचा दाखलाही दिला जातो. इंग्लंडमध्ये पाच वर्षांखालील मुलास मद्य देणे १९३३ च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणजे सहा वर्षांच्या मुलास घरी दिल्यास त्या कलमाखाली गुन्हा होत नाही. परंतु कायद्याची मुभा म्हणजे वैद्यकीय सल्ला नव्हे. त्याच इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २००९ साली पंधरा वर्षांपर्यंतचे बालपण मद्यविरहित असणेच उत्तम, असे मार्गदर्शन केले.

आता मात्रेचा हिशेब पाहू. कडक बिअरची ६५० मिलीची बाटली, मद्यांश सात ते आठ टक्के. तिचा अर्धा भाग ४५ किलो वजनाच्या मुलाने घेतला तर सुमारे १८ ते २० ग्रॅम मद्यार्क पोटात जातो आणि रक्तातील पातळी ढोबळमानाने १०० मिलीस ६० ते ७० मिग्रॅपर्यंत पोहोचू शकते. मोटार वाहन कायद्यात वाहनचालकासाठी मर्यादा आहे ३० मिग्रॅ. 'अर्धा पेला' म्हणून दिलेल्या मद्याचे हे माप पालकांच्या ध्यानात क्वचितच येते.

याहून गंभीर प्रकार तान्ह्या बालकांचा. सर्दी-पडशाला चमचाभर ब्रँडी देण्याची, गोव्यात फेणीचे थेंब देण्याची रीत अजून सर्वस्वी गेलेली नाही, आणि ती देणारी आजी पूर्ण सद्भावनेने देत असते. ब्रँडीत मद्यांश ४२.८ टक्के. पाच मिलीचा एक चमचा म्हणजे सुमारे १.७ ग्रॅम, पाच किलोच्या बालकात पूर्ण शोषण झाले असे धरल्यास पातळी १०० मिलीस ५० मिग्रॅच्या घरात जाते. मद्यार्कामुळे यकृतात नवीन शर्करा तयार होण्याची क्रिया मंदावते आणि बालकाचा शर्करासंचय मुळात तुटपुंजा असतो. त्यामुळे रक्तशर्करा एकाएकी उतरून झटके येऊ शकतात. आई समजते की बाळ शांत झोपले आहे. ब्रँडीने 'ऊब' येते हा समजही फसवा आहे. त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारल्याने अंग गरम लागते, पण शरीरातील उष्णता बाहेर पडत असते. आजीबाईंना दोष न देता पर्याय द्यावा : ओव्याच्या पुरचुंडीचा सोसवेल असा शेक, आणि वैद्याच्या सल्ल्याने बालचातुर्भद्र चूर्ण मातेच्या दुधातून. वर्षाखालील बालकास मधाचे अनुपान टाळावे, हे जाता जाता सांगतो.

मग आपल्या आसवांचे काय? अरविंदासव भैषज्यरत्नावलीच्या बालरोगाधिकारात आहे आणि त्यात स्वयंजनित मद्यांश साधारणतः ५ ते १० टक्के असतो, हे लपवण्याचे कारण नाही. दहा किलोच्या बालकास २.५ मिली मात्रा दिली तर आठ टक्क्यांच्या हिशेबाने मद्यार्क सुमारे ०.१६ ग्रॅम होतो आणि रक्तातील पातळी १०० मिलीस दोन मिग्रॅच्या आसपास. ती समभाग पाण्यातून, अन्नानंतर, ठरावीक दिवसांसाठी दिलेली औषधी मात्रा आहे. तिचा हेतू दीपन-पाचन-पोषणाचा आहे. ब्रँडीच्या चमच्याशी किंवा बिअरच्या पेल्याशी तिची तुलना होत नाही. मात्र आपण स्वतः शार्ङ्गधरोक्त वयोमानाचा मात्राक्रम सोडून 'दोन चमचे, दोन वेळा' असे सरसकट लिहू लागलो, सहा-सहा महिने बाटली बदलली नाही, तर पालकांचा आक्षेप रास्त ठरतो. ज्याच्या घरी व्यसनाचा इतिहास आहे, यकृतविकार आहे किंवा झटक्यांची औषधे चालू आहेत, अशा बालकास मी चूर्ण, वटी वा क्वाथच योजतो. एक वर्षाखाली आसव शक्यतो देत नाही. मृतसंजीवनी सुरेसारखे ऊर्ध्वपातित कल्प बालकांसाठी नाहीतच.

कायद्याची बाजू थोडक्यात. महाराष्ट्रात सौम्य बिअर व वाइनसाठी २१ आणि अन्य मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार अठरा वर्षांखालील बालकास मादक मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 'देणारा' कोणीही असो, त्यातून पालक वगळलेले नाहीत. मे २०२४ मधील पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर चालक मुलाच्या वडिलांवर व मद्यालयाशी संबंधितांवर कलम ७५ व ७७ खालीच गुन्हा नोंदवला गेला होता. या कलमाचा एकच अपवाद आहे : अर्हताप्राप्त वैद्यक व्यावसायिकाचा आदेश. त्या अपवादात आपण बसतो. म्हणून बालकाच्या आसवाची मात्रा, अनुपान व कालावधी लेखी द्यावा. तोंडी सांगून भागवू नये.

औषधी दुकानदार बंधूंना एवढेच सुचवावेसे वाटते की शाळकरी मुलगा एकटा येऊन द्राक्षासवाची मोठी बाटली मागू लागला, तर पालकांना पाठवून देण्यास सांगावे. बालकासाठी आसव देताना मिलीच्या खुणांची मापटी द्यावी, स्वयंपाकघरातील चमचा सुचवू नये. वैद्याने दिलेला कालावधी संपल्यावर तीच चिठ्ठी पुन्हा आणली गेली, तर बाटली देण्यापूर्वी वैद्यास एक फोन करावा.