मिरीची रोपे बोगद्यातून बाहेर काढताना

नारळ-सुपारीच्या बागेत मिरीचा वेल चढविण्यासाठी अनेक बागायतदार रोपे घरीच तयार करतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेलाच्या बुंध्यापासून जमिनीवर पसरणाऱ्या फुटव्यांची २ ते ३ डोळ्यांची छाट कलमे पिशवीत लावून, मांडवाखाली प्लॅस्टिक कागदाच्या बुटक्या बोगद्यात ठेवली की मुळ्या चांगल्या फुटतात. नुकसान होते ते पुढे. मे महिन्यात एखाद्या सकाळी सगळा कागद एकदम काढला जातो आणि दुपारपर्यंत रोपे माना टाकतात. लागवडीचा हंगाम पावसाच्या सुरुवातीचा. रोपे गेली की वर्ष गेले.

बोगद्यातील हवा बाष्पाने जवळजवळ भरलेली असते. अशा हवेत वाढलेल्या पानावरील मेणाचा थर पातळ राहतो आणि पर्णरंध्रे वेळेवर मिटत नाहीत. मुळ्याही कोवळ्या आणि थोड्याच. बाहेरची कोरडी हवा लागताच पानांतून जाणाऱ्या पाण्याची भरपाई मुळ्यांना करता येत नाही. त्यामुळे पिशवीत ओल असूनही रोप सुकते. नेमकी इथेच गल्लत होते. रोप सुकलेले पाहून आपण झारीने आणखी पाणी घालतो, मातीतील हवा कोंडते आणि मुळ्या कुजतात. आधी माती बोटाने चाचपून पाहा. ती ओली असेल तर पानांवर पाण्याचा बारीक फवारा मारून कागद पुन्हा ओढून घ्या.

नवी २ पाने आली आणि रोप हलकेच ओढले असता मातीत धरून राहिले, तरच सुरुवात करावी. पहिले २-३ दिवस सकाळ-संध्याकाळ तासभर बोगद्याची दोन्ही तोंडे उघडा. मग वेळ वाढवीत न्या, एक बाजू गुंडाळून वर घ्या. रात्रीची हवा दमट असते, म्हणून कागद आधी रात्रीचा काढावा, भर दुपारचा सर्वांत शेवटी. यास साधारण ८ ते १० दिवस लागतात. पण दिवस मोजण्यापेक्षा पाने पाहावीत हे बरे. दुपारी मलूल झालेली पाने संध्याकाळी ताठ झाली तर काळजी नको. सकाळीही ती मलूलच दिसली तर एक पायरी मागे या. कोरडा वारा सुटला असेल त्या दिवशी थांबा.

कागद निघाला म्हणून मांडवाच्या झावळ्या काढू नयेत. आणखी २-३ आठवडे तीच सावली ठेवावी. बोगद्यात तयार झालेले जुने पान बाहेर येऊन फारसे सुधारत नाही. बाहेरच्या हवेत फुटलेले पान मात्र चिवट निघते. असे एक तरी पान पूर्ण उघडेपर्यंत रोप कणखर झाले असे समजू नये, आणि तोवर युरिया तर मुळीच देऊ नये. विकतची रोपे घेणाऱ्यांनीही हे विचारून घ्यावे. पानांवर काळे, पाणीदार डाग असलेली रोपे पिशवीसकट बाजूला काढा. मर रोग अशा रोपांतूनही बागेत शिरतो.

पाऊस स्थिरावल्यावर आधाराच्या झाडाच्या उत्तर बाजूस लागवड करावी, म्हणजे कडक ऊन टळते. पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटू देऊ नका.