पहिला धडा विहिरीवर

अकरावीला भूशास्त्र किंवा पर्यावरण घेतलेली मुलं बहुतेकदा व्याख्या पाठ करण्यापासून सुरुवात करतात. सच्छिद्रता, पारगम्यता, भूजलपातळी हे सगळं तोंडपाठ होतं, पण समोरचा दगड ओळखता येत नाही. दख्खनच्या पठारावर राहत असाल, तर माझा आग्रह आहे की पहिला धडा गावातल्या उघड्या विहिरीवर गिरवा.

मे महिन्यात जा. पाणी तळाला गेलेलं असतं आणि न बांधलेली बाजू उघडी दिसते. मालकाला विचारा, घरातलं मोठं माणूस सोबत घ्या. आत उतरू नका. कठडा नसेल तर लांबच राहा.

वहीत वरून खाली थर काढा. माती, मग मुरूम, त्याखाली भोकाभोकांचा मांजऱ्या खडक, मग काळा कातळ. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला, त्याचे हे थर. कुठे दोन थरांमध्ये लाल पट्टा दिसला तर तो जरूर टिपा. पाझर नेमका कुठून येतो, तिथे बाण काढा. कातळाला भेगा नसतील तर त्यातून पाणी फारसं येत नाही. ते येतं सांध्यांतून, झिजलेल्या भागातून आणि थरांच्या जोडावरून. पारगम्यतेचा धडा या एका बाणापाशी समजतो.

काठावरच्या उपशाच्या ढिगातून पांढरे ठिपके असलेला दगड उचला. ते ठिपके कॅल्साइटचे, जिओलाइटचे की क्वार्ट्झचे? चाकूने ओरखडा काढून पाहा: क्वार्ट्झवर उमटत नाही, कॅल्साइटवर सहज उमटतो. मग प्रयोगशाळेत सरांसमोर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फसफसलं तर कॅल्साइट. जिओलाइट मात्र फसवतं, कारण ओरखडा पडतो पण फेस येत नाही.

आता मोजमाप. कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि दर महिन्याला तिथूनच, वजन बांधलेल्या टेपने पाण्यापर्यंतची खोली घ्या. कठड्याची उंची वजा करायला विसरू नका. पंप सुरू असताना किंवा नुकताच बंद झाल्यावर घेतलेला आकडा पातळीचा म्हणून धरू नका. पण उपसा थांबल्यावर पाणी किती वेगाने चढतं, हे वेगळं मोजून ठेवा. ६ मीटर व्यासाच्या गोल विहिरीत तासाला १० सेंटीमीटर पाणी चढलं, तर सुमारे २,८०० लिटर आलं. हे गणित स्वतः मांडा, एककांसह.

स्थलदर्शक नकाशाचं काम यानंतर. १:५०,००० च्या नकाशावर १ सेंटीमीटर म्हणजे ५०० मीटर. त्यावर विहीर आणि जवळचा ओढा दाखवा, समोच्च रेषांवरून उताराची दिशा ठरवा.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. त्यांची तालुक्याची नोंद मिळवून तुमच्या आलेखाशेजारी लावा. दोन्ही जुळले नाहीत, तर विहिरीच्या मालकाला विचारा की शेजारी नवं बोअर कधी पडलं आणि ऊस किती वाढला.