वाचण्याची आशा नसलेल्या जखमीचा हक्क

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर वाहन जाईल असा रस्ता नव्हता. बचाव पथके भर पावसात पायी चढली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलैला शोध थांबला. अशा जागी एखादा जखमी सापडला, पण तो रुग्णालयापर्यंत टिकणार नाही हे उघड असले, तर त्याचा आपल्यावर कोणता हक्क उरतो?

आपत्तीत डॉक्टर जखमींची वर्गवारी करतात. ज्याला वाचवता येईल त्याला आधी हलवतात. शरीअतच्या दृष्टीने यात गैर काही नाही. गैर हे की मागे ठेवलेल्याकडे पुन्हा कोणी फिरकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये याविषयी मार्गदर्शिका काढली. वेदनाशमन हा मदतकार्याचाच भाग आहे, असे ती मानते.

खंदकच्या लढाईत (हिजरी ५) हजरत साद बिन मुआज (रजि.) यांच्या हाताची रक्तवाहिनी बाणाने तुटली. प्रेषितांनी (स.) त्यांच्यासाठी मस्जिदीतच तंबू उभारविला, हेतू इतकाच की, जवळून विचारपूस करता यावी. साद (रजि.) त्याच जखमेने वारले. तो तंबू मात्र व्यर्थ गेला असे कोण म्हणेल?

काही घरांत मॉर्फिनला विरोध होतो: ते नशा आणते, शिवाय शुद्ध हरपली तर कलमा कसा उच्चारणार? असह्य वेदनेत, अन्य उपाय नसता, डॉक्टरांनी ठरविलेल्या मात्रेत ते घेण्यास फुकहांनी जरुरतीच्या नियमाने मुभा दिली आहे. तलकीन म्हणजे सक्ती नव्हे. जवळ बसून हळू आवाजात कलमा म्हणावा. त्याने एकदा म्हटला की पुन्हा आग्रह धरू नये. किब्ल्याकडे वळविण्याने वेदना वाढत असेल, तर आहे तसेच राहू द्यावे. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. ओल्या कापडाने ओठ भिजवावेत.

इर्शाळवाडी ठाकर बांधवांची होती. अशा शेजाऱ्याच्या उशाशी त्याचीच माणसे, त्याचीच बोली हवी. आपण पाणी, पांघरूण आणि हात द्यावा. पवित्र कुरआनने सन्मान दिला आहे तो साऱ्या आदमसंततीला.

कर्जत-खालापूरच्या जमाअतींनी पावसाळ्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे: रस्ता तुटला तर वेदनाशामक औषध कोणाकडे असेल आणि ते वर कोण नेईल?