ऊब कशी राखावी

दिवाळी सरली, शाळू गुडघाभर वाढला, आणि रात्री घोंगडी शोधण्याची वेळ आली. छत्रपती संभाजीनगर (ज्याचे नाव २०२३ पर्यंत औरंगाबाद होते) व त्याभोवतालचे पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नड, सिल्लोड इत्यादी तालुके दख्खनच्या पठारावर आहेत. शहराचीच उंची समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक आहे. येथील थंडी हिमालयातील थंडीसारखी नव्हे, हे खरे. परंतु डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडील वारा सुटला म्हणजे पहाटेचा पारा कित्येकदा दहा अंशांच्या खाली उतरतो, आणि ज्याच्या घरावर पत्रा व अंगावर एकच सुती चादर, त्याला तेवढी थंडी पुष्कळ होते. तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. तरण्याताठ्याला ती नुसती बोचते. तान्ह्या मुलाला, म्हाताऱ्याला व दमेकऱ्याला ती अंथरुणास खिळविते, आणि कधी कधी घेऊनही जाते. म्हणून थोड्या खर्चात घर व देह उबदार कसे राखावे, आणि ते करिताना कोणता धोका टाळावा, ह्याचा ह्या पाठात आम्ही विचार करणार आहो.

१. मूळ तत्त्व

पुष्कळांची अशी समजूत असते की, ऊब म्हणजे विस्तव, आणि विस्तव म्हणजे सरपणाचा खर्च. ही समजूत अपुरी आहे. प्रत्येक मनुष्याच्या देहात देवाने एक शेगडी ठेविलेली आहे. शांत बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून सुमारे शंभर वॉटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर पडत असते. तिचे सरपण म्हणजे आपण खातो ते अन्न. प्रश्न ऊब उत्पन्न करण्याचा नसून ती राखण्याचा आहे. फुटक्या घागरीत कितीही पाणी ओतले तरी ती भरत नाही; शहाणा मनुष्य आधी भोक बुजवितो.

देहाची ऊब चार वाटांनी निघून जाते. थंड वस्तूला अंग टेकले म्हणजे ती त्या वस्तूत जाते. वारा लागला म्हणजे वाऱ्याबरोबर जाते. ओले अंग व ओले वस्त्र वाळताना तिला घेऊन जाते. आणि उघड्या आकाशाखाली ती वर निघून जाते. ह्या चार वाटा अडविणारी सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे स्थिर, कोरडी हवा. हवा उष्णतेला सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. पाणी मात्र हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. तस्मात् हवा कोंडून ठेवा आणि ओल दूर ठेवा, एवढे सूत्र ध्यानात धरिले तर पुढील सर्व गोष्टी आपोआप समजतील.

२. अंगावरील वस्त्र

एका जाड वस्त्रापेक्षा दोन-तीन पातळ वस्त्रे एकावर एक घातलेली बरी, कारण प्रत्येक दोहोंमध्ये हवेचा एक थर राहतो. आमच्या आजीबाईंनी जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून वाकळ शिवली, ती ह्याच तत्त्वावर. धनगरी घोंगडीचे महत्त्वही हेच आहे. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी व कुरळी असते, तिच्यात हवा अडकून राहते, आणि ती थोडी दमट झाली तरी ऊब सोडीत नाही. आमच्या शहराची हिमरू शाल जगप्रसिद्ध आहे. ती सुताची व रेशमाची वीण शोभेला उत्तम, परंतु खळ्यावर निजणाऱ्या राखणदाराने घोंगडीच घ्यावी.

रात्री डोके, कान व पावले उघडी ठेवू नयेत. कानटोपी किंवा जुने उपरणे पुरे होते. दिवसभर घामाने भिजलेला सदरा अंगावर ठेवून निजू नये. तो काढून कोरडा घालावा. वाकळ व घोंगडी दर दोन-चार दिवसांनी दुपारच्या उन्हात टाकावी. त्याने दमटपणा जातो, दबलेला कापूस व लोकर पुन्हा फुगते, आणि जुने पांघरूण नव्यासारखे काम देते. ह्याला एक पैसाही लागत नाही.

३. अंथरूण

पांघरुणाची काळजी सर्वजण करितात, अंथरुणाची थोडेच करितात. जमिनीवर, विशेषतः शहाबादी फरशीवर, पातळ सतरंजी टाकून निजणाऱ्याची ऊब रात्रभर खाली फरशीत मुरते. अंगावर तीन वाकळी घेतल्या तरी त्याची पाठ गार राहते. असे असेल तर वरची एक वाकळ काढून खाली घालावी. त्याहून बरे म्हणजे गोणपाटाच्या पोत्यात उसाचे कोरडे पाचट किंवा गव्हाचा भुसा भरून, तोंड शिवून, त्याची गादी करावी. ती चुलीपासून दूर ठेवावी, आणि विंचूकाट्याच्या भयास्तव रोज उचलून झाडावी.

४. घर

जुन्या धाब्याच्या घराला लोक आता हसतात. परंतु पांढऱ्या मातीची हातभर जाड भिंत व मातीचे धाबे दिवसाचे ऊन हळूहळू शोषून घेतात आणि रात्री हळूहळू परत देतात. ज्याचे असे घर शाबूत आहे त्याने ते मोडण्याची घाई करू नये, डागडुजी करावी. पत्रा मात्र पातळ असल्यामुळे सूर्य मावळताच थंड होतो, आणि घरातील वाफ त्याला लागून पहाटे थेंब गळू लागतात. पत्र्याच्या घरात पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून जुन्या लुगड्यांचे किंवा गोणपाटाचे छत बांधावे. चुलीच्या वर व दिव्याजवळ ते आणू नये.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो. आमच्या ह्या भागात डिसेंबरच्या २१-२२ तारखेस भर दुपारीही तो क्षितिजापासून सुमारे ४७ अंशच वर चढतो. म्हणून दक्षिणेकडील दारे-खिडक्या दहा वाजता उघडाव्या, ऊन आत घ्यावे, आणि दिवस कलण्यापूर्वी लावून घ्याव्या. उत्तरेकडील फटी चिखल व शेण कालवून, किंवा चिंध्या व कागद कोंबून बुजवाव्या. हेच पत्र वाचून झाल्यावर त्या कामी आले तर आम्हांस मुळीच वाईट वाटणार नाही! परंतु जेथे विस्तव पेटतो त्या खोलीचे धुराडे किंवा वरचा झरोका कधीही बुजवू नये. ह्याचे कारण आता सांगतो.

५. विस्तव: मित्र आणि वैरी

ह्या पाठातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून निजू नये. कोळसा किंवा लाकूड अपुऱ्या हवेत जळते तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धगधगत्या निखाऱ्यातून धूर दिसत नाही, म्हणून लोक त्याला निर्धोक समजतात. परंतु दिसतो त्या धुरापेक्षा न दिसणारा हा वायू अधिक घातक आहे. तो रक्तातील हिमोग्लोबिनाला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि शरीर आतून गुदमरते. प्रथम डोके दुखते, मग भोवळ, ओकारी व गुंगी येते. निजलेल्या माणसाला हे काहीच कळत नाही. तो जागाच होत नाही. राखेखाली झाकलेला निखाराही विझलेला नसतो. तो धुमसतच असतो.

तेव्हा नियम असा करावा: विस्तव जागेपणी, दार किंवा झरोका उघडा ठेवून, निजण्यापूर्वी शेगडी अंगणात. एका घरातील अनेकांचे डोके एकाच वेळी दुखू लागले तर प्रथम दारे उघडून सर्वांस बाहेर मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शेकोटीत पऱ्हाटी, तुराटी जाळावी. प्लास्टिक व रबरी टायर जाळू नयेत, त्यांचा धूर छातीला विष आहे.

निजताना पायांना ऊब हवी असेल तर चुलीजवळ तापलेली वीट किंवा गरम पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून अंथरुणात पायाशी ठेवावी. उघड्या कातडीला लावू नये. आणि दारूने ऊब येते ही निव्वळ फसवणूक आहे. दारूने कातडीच्या शिरा रुंद होतात, तोंड तापल्यासारखे वाटते, परंतु आतील ऊब अधिक वेगाने बाहेर पळते. बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, शेंगदाणे व जवसाची चटणी ही थंडीतील खरी शिदोरी होय. उपाशी निजलेल्याला पांघरूण पुरत नाही.

६. बाळंतिणीची खोली

आमच्याकडे बाळंतिणीची दारे-खिडक्या लावून, बाजेखाली शेगडी ठेवून शेक देण्याची व धुरी घालण्याची चाल आहे. माय-लेकराला ऊब हवी, हा वडीलधाऱ्या बायांचा हेतू अगदी योग्य आहे. चूक आहे ती बंद दारात. ज्या वायूविषयी वर सांगितले तो तान्ह्याला लवकर बाधतो.

मग बाळाला ऊब कशी द्यावी? जन्मताच त्याला कोरडे पुसावे, पहिले चोवीस तास न्हाऊ घालू नये, आणि आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून पांघरूण घालून ठेवावे. कोलंबिया देशातील बोगोटा शहरी डॉ. एडगर रे सानाब्रिया ह्यांनी १९७८ साली पेट्या अपुऱ्या पडल्यामुळे अशक्त अर्भके अशा रीतीने आयांच्या छातीशी ठेवण्यास आरंभ केला, आणि आता सर्व जगात ही रीत मान्य झाली आहे. आपल्या महाराष्ट्रातही ह्याचे उदाहरण आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. १९९५ पासून ३९ गावांतील बायांना त्यांनी शिकविले की, नवजात बाळ उबदार कसे ठेवावे, आईचे दूध कसे पाजावे, श्वास अडला व जंतुसंसर्ग झाला तर काय करावे. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. ऊब हा त्या कामाचा एकच भाग होता. परंतु तो कोणत्याही घरात, मोठ्या यंत्रावाचून करिता येतो.

परीक्षा सोपी आहे. बाळाचे पोट व पावले हाताने पाहावी. दोन्ही उबदार, तर ठीक. पावले गार व पोट उबदार, तर बाळाला थंडी वाजत आहे. त्याला लागलीच आईच्या छातीशी घ्यावे. दोन्ही गार, तर धोका आहे. छातीशी धरूनच दवाखान्यात न्यावे. आशाताई नवजात बाळाच्या घरी भेट देण्यास येतात, त्यांना दार उघडावे व त्यांचे ऐकावे.

७. शेजाऱ्याचे पांघरूण

मोशेच्या नियमशास्त्रात असा नियम आहे की, गरिबाचे वस्त्र गहाण घेतले तर सूर्य मावळण्यापूर्वी परत द्यावे, कारण तेच त्याचे पांघरूण. तो नियम ज्या देशात दिला तेथील रात्रीही गार होत्या. आमच्या मंडळ्यांतील उपदेशकांस व वडिलांस आमची विनंती अशी की, पौष लागण्यापूर्वी त्यांनी गावातील एकट्या म्हाताऱ्यांची व बाळंतिणींची घरे एकदा स्वतः पाहावी. खाली काय अंथरले आहे, उत्तरेची फट कोठे आहे, शेगडी रात्री कोठे असते, एवढे पाहिले तरी पुरे. उसाच्या फडाजवळ कोप्यांत राहणारी तोडणी कामगारांची कुटुंबेही आपलेच शेजारी आहेत. त्यांच्या लेकरांखाली बहुधा ओली माती असते. एक पोते पाचट व एक जुनी वाकळ नेऊन देणे हे कोणालाही जमण्यासारखे आहे.

सभेत विचारावयाचे प्रश्न

१. ऊब कोणत्या चार वाटांनी निघून जाते?
२. वरची वाकळ काढून खाली का घालावी?
३. धूर नसलेला निखारा निर्धोक आहे काय?
४. बाळाला थंडी वाजते हे हाताने कसे ओळखावे?
५. आपल्या गावात ह्या आठवड्यात कोणाच्या घरी जाऊन पाहिले पाहिजे? नावे येथेच ठरवावी, आणि कोण जाणार हेही.